एका पानाच्या कामाची किंमत : कॉपियरच्या झिजेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आज कॉपियरचा काउंटर, म्हणजे आजवर निघालेली पानं, १,६२,३४०. मशीन घेऊन सव्वादोन वर्षं झाली, कृष्णधवल, ए३पर्यंत, मिनिटाला ३५ पानं. एवढ्या काळात तीन ड्रम (पानाची प्रतिमा ज्यावर आधी उमटते ते नळकांडं) संपले आणि चौथा चालू आहे. एक फ्यूजर, म्हणजे टोनरची भुकटी तापवून कागदावर पक्की करणारा भाग, बदलून झाला, दुसऱ्यानेही कुरकुर सुरू केली आहे. ट्रेमधून कागद ओढणाऱ्या पिकअप रोलरचे चार संच गेले. कार्यालयप्रमुखांच्या टेबलावर नव्या मशीनचं दरपत्रक आलंय आणि त्यांनी मला सरळ विचारलं, "हे विकून टाकायचं का?"

मी तीन महिने मागून घेतले. दोन कारणं आहेत. पुस्तिकेत ड्रमचं आयुष्य १,००,००० पानं दिलंय आणि आमचे तीन ड्रम सरासरी ५०,००० वर गेले. एवढी तफावत नुसत्या नशिबाने पडत नाही. दुसरं असं की कारण न शोधता नवं मशीन आणलं, तर तेच कारण त्याचीही वाट बघत बसलेलं असेल.

८ जानेवारी

बिलांची फाइल उघडली. अकरा बिलं आहेत आणि त्यांपैकी फक्त दोनांवर काउंटरचा आकडा लिहिलाय. "ड्रम बदलला, मशीन चालू" एवढ्याने काय कळणार? तो भाग किती पानं चालला हेच माहीत नसेल तर तो लवकर गेला की वेळेवर, हे ठरवणार कशावरून? महिनाअखेरीचे काउंटर आम्ही वहीत लिहितो म्हणून निभावलं. बिलाची तारीख आणि वहीतले आकडे जुळवून ही जंत्री काढली:

पहिला ड्रम ६१,२०० पानं, दुसरा ५८,१००, तिसरा ३०,९००. पहिला फ्यूजर ७४,६०० वर गेला.

आजपासून नियम: काउंटरचा आकडा नसलेलं बिल मी सही करून पुढे पाठवणार नाही.

रकमा मी टोनरच्या बाटल्यांत मांडतो आहे. भाव बदलत राहतात, पण एक बाटली म्हणजे किती, हे इथे सगळ्यांना पटकन उमगतं. साफ करणारं ब्लेड आणि ड्रमला विद्युतभार देणारा चार्ज रोलर यांसकट ड्रम युनिट म्हणजे ३ बाटल्या. पूर्ण फ्यूजर ५. रोलरचा संच अर्धी बाटली, तंत्रज्ञांच्या एका भेटीचे पैसेही अर्धी. म्हणजे ड्रमचे ९, फ्यूजरचे ५, रोलरचे २ आणि अकरा भेटींचे साडेपाच, एकूण साडेएकवीस बाटल्या. याच काळात खरा टोनर लागला ८ बाटल्या. शाईपेक्षा दुरुस्ती अडीच पटींहून महाग पडली. हा आकडा पाहून मला खरंच वाईट वाटलं, कारण या सगळ्या बिलांवर माझीच सही आहे.

१२ जानेवारी

कोठीत दुसरा आणि तिसरा ड्रम मिळाले. फेकायचे राहून गेले होते, तेच आज कामी आलं. दोन्ही काळ्या पिशवीत गुंडाळलेले होते हेही बरं. ड्रमचा लेप प्रकाशाला संवेदनशील असतो आणि उघड्यावर उजेड खाल्ला की तो थकतो.

ड्रम म्हणजे ॲल्युमिनियमची पोकळ नळी आणि तिच्यावर सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर. प्रकाश पडल्यावर विद्युतभार निर्माण करणारा थर साधारण एका मायक्रॉनच्याही आत असतो. त्याच्यावर भार वाहून नेणारा थर वीस-तीस मायक्रॉनचा. माणसाचा केस याहून जाड असतो. या वरच्या थरावर पॉलियुरेथेनचं ब्लेड सतत टेकलेलं असतं आणि उरलेला टोनर खरवडून काढतं. शेजारी चार्ज रोलर घासत फिरतो. ड्रम फिरला की झिजला, कागद येवो अथवा न येवो. थर पातळ झाला की भार नीट टिकत नाही आणि कोऱ्या जागेवर करडी झाक दिसू लागते. आपण ज्याला "बॅकग्राउंड येतंय" म्हणतो ते हेच.

दुसरा ड्रम खिडकीपासून लांब, मंद उजेडात, घाईघाईने पाहिला. पृष्ठभाग मंद पडलाय, बारीक गोल वळी उठलीत, पण झीज या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी आहे. खोल ओरखडा एकही नाही. टोनरमध्ये खरखरीत कण असते किंवा ब्लेडला काही अडकलं असतं, तर एका जागी चर पडला असता. हा ड्रम खरवडला गेलेला नाही, फिरून फिरून झिजला आहे.

तिसरा मात्र अजून चकचकीत आहे. तो का काढला होता ते मला समजत नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं.

१३ जानेवारी

टोनरवरचा संशय आधी मिटवून टाकतो, कारण सगळ्यांचं बोट तिकडेच जातं. पहिल्या ड्रमच्या काळात मूळ कंपनीचा टोनर होता, दुसऱ्याच्या काळात पर्यायी. ६१,२०० आणि ५८,१००. तीन हजार पानांच्या फरकावर मी कुणावर आरोप ठेवणार नाही. पर्यायी टोनर वापरताना वेस्ट टोनरचा (खरवडून निघालेल्या टोनरचा) डबा मात्र लवकर भरत होता, तेवढी नोंद राहू दे.

१५ जानेवारी

संध्याकाळी सगळे गेल्यावर स्टॉपवॉच घेऊन मशीनजवळ बसलो. ड्रमची मोटर सुरू होते त्याचा बारीक घरघराट ऐकू येतो, थांबते तेही कळतं.

एका पानाची कॉपी: मोटर ७.७ सेकंद चालली. तीन पानांचं काम: ११ सेकंदांच्या थोडं वर. दहा पानं एका दमात: २३ सेकंद. हे सगळं पाच-पाच वेळा करून सरासरी काढली.

हिशेब असा लागतो. चालत्या मशीनला प्रत्येक पानाला १.७ सेकंद लागतात. पण काम सुरू होण्याआधी ड्रम फिरून भारित होतो, साफ होतो, आणि काम संपल्यावरही उरलासुरला टोनर आणि भार काढायला फिरतो. हे पुढचं-मागचं फिरणं मिळून ६ सेकंद. काम एका पानाचं असो की पन्नास पानांचं, हे ६ सेकंद ठरलेलेच.

म्हणजे एकेक पान वेगळं काढलं तर पानाला ७.७ सेकंद ड्रम फिरतो. दहा एकदम काढली तर २.३. तेवढीच पानं आणि झीज तिपटीहून जास्त.

घरी आल्यावर पुस्तिका पुन्हा वाचली. १,००,००० च्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हे आयुष्य ए४ कागद, ५ टक्के कव्हरेज (पानाचा तेवढाच भाग छापलेला) आणि एका कामात ३ पानं असं धरून काढलंय. ही ओळ मी सव्वादोन वर्षं वाचलीच नव्हती. तीन पानांच्या कामाला दर पानामागे ३.७ सेकंद पडतात. आमच्याकडे सरासरी कामात पानं किती असतात हे आता शोधायला हवं.

१६ जानेवारी

तंत्रज्ञांना मुद्दाम बोलावून घेतलं, बिघाड नसताना. त्यांना जरा नवल वाटलं, पण प्रश्न ऐकल्यावर खुर्ची ओढून बसले. सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे तंत्रज्ञांसाठीच्या मेनूत, जाऊन त्यांनी दोन आकडे दाखवले: चालू ड्रमवरची पानं आणि ड्रम किती वेळ फिरला तो वेळ. भागाकार केला, पानाला ६.१ सेकंद.

कामांची यादीही छापून घेतली. गेल्या महिन्यात दर कामात सरासरी १.४ पानं. माझ्या सूत्रात घातलं, १.७ अधिक ६ भागिले १.४ म्हणजे ६ सेकंद. मशीनने सांगितलं ६.१. इतकं जवळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

या वेगाने ड्रमचं आयुष्य १,००,००० ऐवजी साधारण ६१-६२ हजार व्हायला हवं. पहिला ६१,२००, दुसरा ५८,१००. दोन्ही बसले. ते ड्रम लवकर मेले नव्हते, आपलं आयुष्य पुरं जगूनच गेले होते. आम्ही पानं मोजत होतो आणि ड्रम फेरे मोजत होता, एवढाच फरक.

तंत्रज्ञ म्हणाले, "साहेब, हे आम्हालाही माहीत असतं, पण विचारतं कोण? फोन येतो तो मशीन बंद पडल्यावर." त्यांचं म्हणणं खरं आहे.

२० जानेवारी

आता तिसरा ड्रम, ३०,९०० वर काढलेला. त्या बिलावर लिहिलंय: "कॉपीवर उभी काळी रेघ. ड्रम बदलला. काच पुसली." शेवटचे दोन शब्द वाचून मी थांबलो.

एडीएफमधून, म्हणजे मूळ कागद आपोआप आत घेणाऱ्या वरच्या भागातून, कागद ओढला जातो तेव्हा तो स्थिर राहतो का? नाही, कागद सरकतो आणि स्कॅनर एका अरुंद काचेखाली जागेवर उभा असतो. त्या काचेवर व्हाइटनरचा वाळलेला ठिपका किंवा गोंदाचा कण बसला, तर प्रत्येक कागदाचा तेवढाच भाग त्याच्यावरून जातो आणि ठिपक्याची आख्खी रेघ होते. मोठ्या काचेवर कागद ठेवून कॉपी काढली तर रेघ येत नाही. संगणकावरून प्रिंट दिली तरी येत नाही. ड्रमची रेघ असेल तर ती तिन्ही प्रकारांत यायला हवी. ही तपासणी दोन मिनिटांची आहे.

त्या दिवशी ड्रमही बदलला आणि काचही पुसली. रेघ गेली, श्रेय ड्रमला मिळालं.

तंत्रज्ञांना फोन करून विनंती केली आणि ते दुपारी आले. तिसरा ड्रम पुन्हा बसवला, काउंटर जुन्याच आकड्यावर लावला. वीस कॉप्या काढल्या. स्वच्छ. कोरी जागा पांढरीशुभ्र, काळा रंग भरीव. तीन बाटल्यांचा ड्रम दोन महिने कोठीत पडून होता! मला आनंद जास्त झाला की चुटपुट जास्त लागली, सांगता येत नाही. आता तोच चालू ठेवायचा आणि १२ हजार पानं झालेला चौथा काळ्या पिशवीत घालून राखीव ठेवायचा, असं ठरलं.

मशीनच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली: "रेघ आली तर आधी तिन्ही प्रकारे कॉपी काढून बघा. अरुंद काच पुसा. मग फोन करा."

२७ जानेवारी

रोलर. चारही संच दुसऱ्या ट्रेचे गेले, पहिल्या ट्रेचा मूळचाच चालू आहे. म्हणजे रोलर खराब नव्हते, दुसऱ्या ट्रेमध्ये काहीतरी वेगळं होतं. पहिल्यात गठ्ठा फोडला की थेट कागद भरतात. दुसऱ्यात उघडे पडलेले, उरलेसुरले आणि एका बाजूने वापरलेले कागद जातात.

कागदात भरणी म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं. कापलेल्या कडांतून त्याची पांढरी भुकटी आणि तंतू सुटतात, रबरावर बसतात आणि रबर गुळगुळीत होतं. उघडा कागद हवेतला ओलावा शोषतो, पानं एकमेकांना चिकटतात, रोलर घसरत राहतो. घसरणारा रोलर चालणाऱ्या रोलरपेक्षा फार लवकर झिजतो. शिवाय इथे कुणीतरी दर आठवड्याला स्पिरिटने रोलर पुसत होतं. हेतू चांगला होता, पण वारंवार स्पिरिट लावल्याने रबर सुकून टणक होतं. पाण्याने ओलं करून घट्ट पिळलेलं, तंतू न सोडणारं कापड पुरतं. चालू रोलर तसा पुसून पाहिला. आधी दिवसाला तीन-चार जाम होत होते, गेल्या आठवड्यात मिळून दोन.

वापरलेले कागद या मशीनमधून आजपासून बंद. कागद वाचवण्याची तळमळ मला मान्य आहे, पण त्यांतल्या स्टेपलच्या पिना, दुमडलेले कोपरे आणि आधीचा छापलेला टोनर आत जाऊन काय करतात ते मी आता पाहिलंय. त्यांच्या टिपणवह्या शिवून घेऊ.

३ फेब्रुवारी

दोन दिवस पानावर एक फिकट पांढरा डाग येतोय. पहिली सूचना आली, "ड्रम बघा." मी पट्टी काढली.

गोल फिरणाऱ्या भागावर खोट असेल तर ती दर फेऱ्याला छापली जाते आणि दोन डागांतलं अंतर म्हणजे त्या भागाचा परीघ. व्यासाला ३.१४ ने गुणलं की झालं. आमचा ड्रम ३० मिलिमीटरचा, म्हणून ९४. फ्यूजरचा हीट रोलर ४० चा, म्हणून १२६ च्या आसपास. ए४वर डाग दोन-तीनदाच येतो, म्हणून ए३वर पूर्ण काळं पान काढलं. डागांमधलं अंतर १२५, १२६, १२६. हीट रोलर.

मशीन थंड झाल्यावर तंत्रज्ञांनी फ्यूजर उघडला. रोलरवर लेबलचा गोंद चिकटून जळाला होता. इथे तापमान १८० अंशांच्या आगेमागे असतं. साध्या लेबलचा गोंद तिथे वितळणारच. कागद सोडवणाऱ्या नखांवर टोनरचे टणक गोळे बसलेले, त्यांनी रोलरच्या लेपावर बारीक रेघा ओढल्या होत्या. तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरवरही काजळीचा थर होता. थर्मिस्टर असा माखला की त्याला खरं तापमान उशिरा कळतं आणि रोलर तापवणारा आतला दिवा त्याला गरजेपेक्षा जास्त तापवत राहतो. पहिला फ्यूजर ७४,६०० वर का गेला असेल, याचा अंदाज इथे आला. तो जुना फ्यूजर हाती नाही, म्हणून खात्रीने लिहीत नाही.

गोंद निघाला, पण खालचा लेप थोडा उडालाय. डाग अगदी पुसट उरला. पूर्ण युनिट ५ बाटल्यांचं. मी विचारलं, नुसता रोलर मिळतो का? मिळतो. रोलर आणि नखं मिळून दीड बाटली. मागच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

९ फेब्रुवारी

एका पानाची कामं कोण काढतं? यादीत सरळ दिसतं: नोंदणी खिडकी. अर्जदार येतो, ओळखपत्र देतो, सहकारी उठून कॉपी काढते, मूळ परत करते. दिवसभर हेच.

मी तिच्याकडे जाऊन म्हटलं, "पाच-सहा जणांचे कागद साठवून एकदम काढता येतील का?" ती म्हणाली, "आणि तोवर पाच जणांना समोर उभं करून ठेवू? तुमच्या ड्रमसाठी?" तिचं बरोबर होतं. माणसाला ताटकळत ठेवून मशीन वाचवायचं नाही. मी तो विचार तिथेच सोडला.

पण बोलता बोलता एक गोष्ट पुढे आली. ती कॉपी अर्जदाराला द्यायची नसतेच, आमच्या फाइलला लावायची असते. मग ती त्याच क्षणी कागदावर कशाला हवी? मूळ स्कॅन करून मशीनच्या स्मृतीत ठेवायचं, मूळ लगेच परत द्यायचं आणि दुपारी एकला व संध्याकाळी पाचला सगळं एकदम छापायचं. स्कॅन करताना ड्रम फिरत नाही. ही युक्ती तिचीच. अहवालात तसंच लिहिणार आहे.

१६ फेब्रुवारी

सुरुवात झाली. मशीन झोपेत जाण्याची वेळही एका मिनिटावरून पंधरावर नेली, कारण दर वेळी जागं होताना फ्यूजर पुन्हा तापतो आणि रोलर फिरतात. वीज थोडी जास्त जाईल. किती, ते मीटर लावून बघायचं बाकी आहे.

२ मार्च

अडचण. शुक्रवारी एका अर्जदाराचं पान दुसऱ्याच्या फाइलला लागलं. लगेच सापडलं, पण ही चूक साधी नाही, ओळखपत्राची प्रत भलत्याच हाती जाऊ शकते. आता स्कॅनच्या नावात अर्जाचा क्रमांक टाकायचा आणि छापलेल्या गठ्ठ्याची क्रमांकाने पडताळणी करूनच फाइल करायची. छापून झाल्यावर स्मृतीतली प्रत आपोआप पुसली जाईल, अशी सेटिंग केली. सहकारीचं काम दिवसाला दहा मिनिटांनी वाढलं. त्याबदल्यात दर कॉपीला उठणं वाचलं, असं ती म्हणते.

९ मार्च

जाम काढताना कुणीतरी ड्रम बाहेर काढून टेबलावर, ट्यूबलाइटखाली, वीस मिनिटं उघडा ठेवला. पुढच्या काही कॉप्या डागाळल्या, नंतर सुधारल्या. मशीनच्या बाजूला जाड काळं कापड टांगून ठेवलं आणि प्रत्येकाला दाखवलं.

२० मार्च

१६ फेब्रुवारीपासूनचे आकडे. दर कामात सरासरी ४.६ पानं. सूत्राने पानाला ३ सेकंद यायला हवेत, सर्व्हिस मोडमध्ये ३.२ आले. जानेवारीत ६.१ होते.

महिन्याची पानंही ६,००० वरून ५,२०० वर आली, कारण काही प्रती स्कॅनच पुरतात असं लक्षात आलं. दुसऱ्या ट्रेचे जाम महिन्याभरात तीन.

या वेगाने ड्रमचं आयुष्य कागदावर १,१५,००० निघतं. मी ते धरून चालणार नाही. आजच्या ड्रमची पहिली ३०,९०० पानं जुन्याच पद्धतीने निघाली आहेत, ती झीज परत येत नाही, आणि ब्लेडची धारही तितकीच जुनी आहे. या ड्रमने एकूण ८०,००० गाठली तरी मला चालेल.

२ एप्रिल

कार्यालयप्रमुखांपुढे अहवाल ठेवला. नवं मशीन साधारण ६० बाटल्यांचं. आमचा दुरुस्तीचा खर्च सव्वादोन वर्षांत साडेएकवीस, आणि त्यातल्या निदान ३ बाटल्या नुसत्या चुकीच्या निदानाच्या. पुढच्या वर्षासाठी माझा अंदाज: हीट रोलर आणि नखं दीड, रोलरचा एक संच अर्धी, तीन ठरलेल्या भेटी दीड. साडेतीन. ड्रम लागला तर राखीव आहेच.

त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला: नोंदणी खिडकीला त्रास होतोय का? सहकारीला बोलावलं, तिने स्वतः सांगितलं की नाही. दुसरा: करार कसला करायचा? सुट्या भागांसह दर पानामागे पैसे देण्याचा करार पूर्वी आकर्षक वाटत होता. त्यात एका पानाच्या कामांची झीज पुरवठादाराच्या अंगावर पडते, म्हणून त्याने दरही तसाच चढा लावला होता. आता आमच्याकडे सेकंदांचे आकडे आहेत. ते समोर ठेवून नवा दर मागायचा, नाहीतर फक्त मजुरीचा करार करायचा, असं ठरलं.

दरपत्रक परत गेलं.

५ एप्रिल

हीट रोलर आणि नखं बसली. काउंटर १,७८,६१०, बिलावर लिहून घेतला. ए३ काळं पान काढलं, डाग नाही. थर्मिस्टर पुसला, अरुंद काच पुसली. वेस्ट टोनरचा डबा तीन चतुर्थांश भरलाय, पुढच्या भेटीच्या आधी मागवायला हवा. पुढची ठरलेली भेट ५ ऑगस्ट.